चौसष्ट घरांची संख्या

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आठवीतली भाची आमच्याकडे राहायला आली होती. एका दुपारी तिने बुद्धिबळाचा पट जेवणाच्या टेबलावर मांडला आणि त्यावर गव्हाचे दाणे ठेवायला सुरुवात केली. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. गोष्ट तिला ठाऊक होतीच: बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्याने राजाकडे बक्षीस म्हणून मागितलेले धान्य, राजाने हसत हसत दिलेला होकार आणि कोठारे रिकामी झाली तरी न फिटलेले ते देणे. आठव्या घरात १२८ दाणे मोजून ठेवताना ते शेजारच्या घरांत घरंगळू लागले, तेव्हा तिने सगळे दाणे वाटीत गोळा केले आणि विचारले, “मामा, पण नेमके किती? ‘खूप’ म्हणू नकोस.”

मी एका पतसंस्थेत हिशेब लिहितो. आकडा विचारला की तो शेवटच्या पैशापर्यंत द्यायचा, ही माझी रोजची सवय आहे. त्यामुळे तिचा प्रश्न मला मनापासून आवडला. संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्यात मी सूत्र टाकले आणि उत्तर आले: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९६,००,०००. तिने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, “हे चुकले आहे. दोनाने गुणत गेल्यावर शेवटी शून्य येईलच कसे? आणि पहिल्या घरातला तो एकटा दाणा धरला, तर बेरीज विषम यायला हवी.”

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. असा तक्ता कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंक तेवढे जपतो आणि पुढच्या जागी शून्ये भरतो. या सवयीचा त्रास मी कामावर भोगलेला आहे, कारण सोळा अंकी क्रमांक निष्काळजीपणे भरला, तर त्याचा शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो आणि ती नोंद कोणत्याच खात्याशी जुळत नाही. आम्ही संगणक बाजूला ठेवला आणि चौकटीची वही काढली.

चौसष्ट घरांची बेरीज करत बसण्याची गरज नाही, हे तिला दाण्यांवरूनच दिसले होते. प्रत्येक घरात आधीच्या सगळ्या घरांतील दाण्यांहून एक दाणा जास्त असतो: चौथ्या घरात आठ, तर त्याआधीच्या तीन घरांत मिळून सात. म्हणजे पटाला पासष्टावे घर असते, तर त्यात जितके दाणे पडले असते, त्यांहून एक कमी ही आपली बेरीज. त्या कल्पित घरातली संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात. तो काढायला चौसष्ट वेळा दुप्पट करण्याऐवजी सहा वेळा वर्ग केला की पुरते: २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६ आणि शेवटचा वर्ग मात्र वहीचे अख्खे पान घेतो. ही युक्ती फार जुनी आहे. अल बिरुनी यांनी इसवी सन १००० च्या सुमारास पटावरच्या दाण्यांची हीच बेरीज वर्ग करत जाऊनच काढली होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, श्रेढीच्या प्रकरणात तिचा नियमच सांगितलेला आहे: पदांची संख्या विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ लिहावे, सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहावे, आणि मग खालून वर गुणत व वर्ग करत यावे. चौसष्ट ही संख्या या नियमासाठी जणू घडवूनच ठेवलेली आहे, कारण ती निम्मी करत गेले की थेट एकापर्यंत कुठेही अडथळा येत नाही.

त्याच प्रकरणात एका दात्याचे उदाहरण आहे. तो पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो, रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचे वचन पाळतो, आणि विचारले आहे की महिनाभरात तो किती निष्क, म्हणजे त्या काळची मोठी नाणी, देईल. कवड्यांचे उत्तर २,१४,७४,८३,६४६ असे येते. निष्कांत ते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. मी हे उत्तर प्रथम पडताळले तेव्हा जागच्या जागी थबकलो होतो, कारण बत्तीस बिटांच्या जुन्या संगणकप्रणालींत चिन्हासह साठवता येणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे, म्हणजे त्या दात्याच्या कवड्यांहून फक्त एकने जास्त. ज्या यंत्रांची घड्याळे अजून १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद तेवढ्याच जागेत मोजतात, त्यांच्यासाठी ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तिथे कोणीतरी विद्यार्थी हे दात्याचे गणित पाटीवर सोडवत असेल, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे नेहमी येते.

आमचे उत्तर संध्याकाळी निघाले: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वीस अंक. भाचीने ते मोठ्याने वाचायचे ठरवले आणि कोटींच्या पुढे ती अडली, तेव्हा मी तिला ‘लीलावती’तली स्थानांची नावे लिहून दिली. ती यादी परार्धावर, म्हणजे एकावर सतरा शून्यांवर, संपते आणि आपली संख्या तिच्याही पुढे जाते. तेव्हा तिने वाचले ते असे: एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधी, चार शंकू, चार महापद्म, निखर्व नाही, सात खर्व, तीन अब्ज, सात अर्बुद, कोटी नाही, नऊ प्रयुत, पाच लक्ष, पाच अयुत, एक सहस्र, सहा शत आणि पंधरा. ‘निखर्व नाही’ म्हणताना तिने किंचित थांबा घेतला. एरवी अशा संख्येकडे बघताना अंक नुसते डोळ्यांसमोरून सरकतात. या वाचनात प्रत्येक अंकाला आपापली जागा मिळाली.

आकारमानाबद्दल थोडक्यातच सांगतो. हजार गव्हाच्या दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम धरले, तर पटाची पहिली ओळ १० ग्रॅमची, दोन ओळी मिळून अडीच किलोंच्या थोड्या वर आणि तीन ओळी मिळून सुमारे ६७० किलो. अर्धा पट भरेपर्यंत १७२ टन, म्हणजे पन्नास किलोंची ३,४०० हून अधिक पोती होतात. एखाद्या गोदामात ती मावतील. उरलेल्या अर्ध्या पटाने मात्र एकूण वजन ७३,००० कोटी टनांच्या पुढे जाते. जगात सध्या वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, तेव्हा हे नऊशे वर्षांचे पीक झाले. आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या नियमात थकलेले व्याज एका वेळी मुदलाहून अधिक वसूल करता येत नसे. दुप्पट होण्याला पहिल्याच पायरीवर बांध घालणाऱ्यांना पुढच्या पायऱ्या चांगल्याच ठाऊक असल्या पाहिजेत. एदुआर ल्युकास या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली तबकड्यांचे एक कोडे विकायला आणले आणि त्याबरोबर काशीच्या मंदिरातल्या चौसष्ट सुवर्णतबकड्यांची कथा पसरली. खुंट्या तीनच, एका वेळी एकच तबकडी हलवायची आणि मोठी कधी लहानीवर ठेवायची नाही, या अटींनी त्या सर्व तबकड्या एका खुंटीवरून दुसरीवर नेण्याच्या चालीही नेमक्या इतक्याच भरतात आणि सेकंदाला एक चाल धरली तर ५८,००० कोटींहून अधिक वर्षे लागतात.

या संख्येविषयी जे काही वाचायला मिळते, ते बहुतेक इथेच थांबते. गव्हाचे डोंगर उभे केले, वर्षे मोजली की वाचक स्तिमित होतो आणि संख्या तशीच बंद राहते. मला तिच्या आत जायचे होते. वीस अंकी संख्या हातात आली की तिचे अवयव पाडणे हे सहसा जिवावरचे काम असते. ही संख्या मात्र सहा वर्गांनी उभी राहिलेली आहे, म्हणून ती त्याच सहा पायऱ्यांनी उलगडते. कोणत्याही वर्गातून एक वजा केला की त्याचे दोन अवयव पडतात: वर्गमुळाहून एक कमी आणि वर्गमुळाहून एक अधिक. हे शाळेतलेच सूत्र. आपल्या संख्येला ते लावले की ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७ असे दोन अवयव मिळतात. त्यांतला पहिला पुन्हा एका वर्गाहून एक कमी आहे, म्हणून त्याचे पुन्हा दोन, आणि असे थेट खालपर्यंत. हाती उरतात ते सहा अवयव: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. प्रत्येक अवयव म्हणजे वर्गांच्या त्या माळेतल्या एकेका मण्यात मिळवलेला एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने स्वतःहून एक तक्ता केला. तिने वेगवेगळ्या लांबीचे पट कल्पिले: दोन घरांचा, चार घरांचा, आठ, सोळा आणि बत्तीस घरांचा. प्रत्येक पटावरच्या दाण्यांची एकूण संख्या काढली आणि त्या संख्येचे विभाजक मोजले. दोन घरांवर ३ दाणे. विभाजक १ आणि ३, म्हणजे दोन. चार घरांवर १५ दाणे. विभाजक १, ३, ५, १५, म्हणजे चार. आठ घरांवर २५५ दाणे आणि आठ विभाजक. सोळा घरांवर ६५,५३५ दाणे आणि सोळा विभाजक, बत्तीस घरांवर बत्तीस. जितकी घरे तितके विभाजक. कारणही तिने नीट सांगितले: घरे दुप्पट झाली की एक नवी मूळ संख्या अवयव म्हणून येऊन मिळते आणि ती घ्यायची किंवा सोडायची अशा दोन वाटांमुळे विभाजकही दुप्पट होतात. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत तिने ६४ घरांपुढे ६४ विभाजक लिहिले होते, आणि ते शाईने लिहिले होते.

मी तिला लगेच काही सांगितले नाही, कारण ती ज्या जागी उभी होती, तिथे सतराव्या शतकातला एक फार मोठा माणूस उभा राहिलेला आहे. प्येर द फर्मा यांनी १६४० साली याच माळेतल्या संख्या पाहिल्या होत्या. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ संख्या आहेत, तेव्हा पुढच्या सगळ्याही तशाच असणार, असे त्यांना वाटले. सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. पुढे ब्याण्णव वर्षांनी, १७३२ साली, तरुण लेओनार्ड ऑयलर यांनी दाखवून दिले की लगेचची सहावी संख्या, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही मूळ नाही आणि तिला ६४१ ने भाग जातो. त्यानंतर या माळेत एकही नवी मूळ संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही.

६४१ नेच भाग का जावा, याचे एक समर्थन इतके छोटे आहे की ते मी माझ्या खिशातल्या डायरीत लिहून ठेवले आहे. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता ६४१ ने भागून उरणाऱ्या बाकीचाच विचार केला, तर ६४० हे उणे एकासारखे वागते, म्हणून त्याचा चौथा घात एकासारखा वागतो. तो घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात. पण ६२५ हे उणे सोळासारखे वागते. म्हणून उणे सोळा गुणिले २ चा अठ्ठाविसावा घात, म्हणजेच उणे २ चा बत्तिसावा घात, हा एकासारखा वागतो. आणि याचाच अर्थ असा की २ च्या बत्तिसाव्या घातात एक मिळवला तर बाकी काहीच उरत नाही. एवढ्या चार ओळींत फर्मांचे अनुमान मोडते. मी हे कितीही वेळा लिहिले तरी शेवटच्या ओळीला मला तितकाच आनंद होतो.

त्या पहिल्या पाच संख्यांची थोरवी यामुळे कमी होत नाही. ३० मार्च १७९६ रोजी, एकोणीस वर्षे पुरी व्हायला महिना असताना, कार्ल फ्रीडरिख गाउस यांना कळले की नुसत्या पट्टी-कंपासाने सतरा समान बाजूंची आकृती काढता येते. पुढे १८०१ च्या ग्रंथात त्यांनी अशा आकृत्यांचा आणि या मूळ संख्यांचा संबंध मांडला, आणि याखेरीज दुसरी वाट नाही, याची सिद्धता वांझेल यांनी १८३७ साली दिली. म्हणून विषम बाजूंच्या ज्या सुसम आकृत्या पट्टी-कंपासाने काढता येतात असे आज ठाऊक आहे, त्यांतली सर्वांत मोठी ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची आहे. हा आकडा म्हणजे आपल्या अर्ध्या पटावरचे दाणे. आणि ६५,५३७ ही संख्या तर आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण गुप्त राखण्याच्या एका फार प्रचलित पद्धतीत जाहीर घातांक म्हणून बहुधा तीच वापरतात. एखाद्या प्रचंड संख्येचा ६५,५३७ वा घात काढायचा तर सोळा वेळा वर्ग करून एकदा गुणले की झाले. हाच नियम ‘लीलावती’त ‘वर्ग’ आणि ‘गुण’ या दोन शब्दांत लिहिलेला आहे.

आपली संख्या इतक्या सहज उलगडते, याचे मोल तिच्या शेजारणीकडे पाहिले की कळते. पट तीनच घरांनी लांबवून सदुसष्ट घरांचा केला, तर दाणे होतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. सदुसष्ट ही मूळ संख्या, ती निम्मी होत नाही, तिचे कोणतेच समान भाग पडत नाहीत, आणि त्यामुळे वर्गांची ती शिडी इथे लावताच येत नाही. ही संख्या मूळ नाही, एवढे ल्युकास यांनी १८७६ साली सिद्ध केले होते, पण तिचे अवयव कोणाला ठाऊक नव्हते. ते फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमधल्या अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. असे सांगतात की ते फळ्याकडे गेले, एका बाजूला ही बेरीज आणि दुसऱ्या बाजूला हा गुणाकार त्यांनी मांडून दाखवला आणि एक शब्दही न बोलता जागेवर येऊन बसले. तीन घरांच्या फरकाने पडलेले हे अंतर आहे.

भाचीला मी ऑयलर यांचे उत्तर सांगितले नाही. त्यांनी पुढे सिद्ध केलेली वाट तेवढी दाखवली. ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला मूळ अवयव असलाच, तर तो ६४ च्या पटीहून एकने अधिक असला पाहिजे. ६५ आणि १२९ मूळ नाहीत म्हणून तिने ते सोडले. १९३ ने भागले, बाकी १०९. २५७ ने भागले, बाकी २, आणि तिथे तिला वाटले की आपण भागाकारात कुठेतरी घसरलो, म्हणून तिने तो पुन्हा केला. पुन्हा २ च. (ती बाकी तशीच यायला हवी, कारण या माळेतली प्रत्येक संख्या आधीच्या सगळ्यांच्या गुणाकाराहून दोनने अधिक असते, हे तिला मी नंतर सांगितले.) ४४९ ने भागले, बाकी ३२५. ५७७ ने, बाकी २८८. एव्हाना दुपार झाली होती, स्वयंपाकघरातून जेवायला दोनदा हाक आली होती, आणि तिने पानाच्या वरच्या कडेला ६४१ लिहून त्याचा पाढा एका बाजूला मांडून घेतला.

४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. वरचा ९ उतरवला, ४४८९; सात वेळा जाऊन उरले २. मग ६ उतरवला, ७ उतरवला, दोन्ही वेळा भाग जाईना, म्हणून भागाकारात दोन शून्ये पडली. २ उतरवला, २६७२. चार वेळा, बाकी १०८. ९ उतरवला, १०८९. एक वेळा, बाकी ४४८. “हे ४४८ मघाशी आले होते,” ती म्हणाली आणि तिने वर बोट ठेवले. मघाशी ४४८ पुढे ९ आला होता आणि दोन उरले होते. आता शेवटचा अंक उतरवायचा राहिला होता, तो ७. तिने ४४८७ लिहिले, बाजूच्या पाढ्यात सातव्या ओळीवर पाहिले, तिथेही ४४८७ होते. तिने खाली शून्य काढले, वर भागाकार वाचला, ६७,००,४१७, आणि मग पान उलटून आदल्या तक्त्याकडे गेली. शेवटच्या ओळीतला शाईचा ६४ तिने एका रेघेने खोडला आणि त्याच्या शेजारी १२८ लिहिले.